‘ओके’ हा शब्द नीट वापरायला शिकताना

इंग्रजी शिकणाऱ्याला जे शब्द कधीच शिकवावे लागत नाहीत, त्यांत ‘ओके’चा क्रमांक बहुधा पहिला लागेल. मुळाक्षरे पुरती पाठ होण्याआधीच तो तोंडात रुळलेला असतो, आणि तो सगळ्यांना येतोच असे गृहीत धरल्यामुळे त्याच्या वापरातली चूक कोणी दाखवूनही देत नाही. क्रियापदाचा काळ चुकला तर समोरचा माणूस समजून घेतो, कारण ती भाषेची चूक आहे हे उघड दिसते. ‘ओके’ चुकीच्या जागी पडला तर मात्र ते बोलणाऱ्याच्या स्वभावावर जाते आणि माणूस तुटक किंवा आढ्यताखोर ठरतो. ज्यांचे पुस्तकी इंग्रजी पक्के आहे, पण इंग्रजी बोलणाऱ्यांशी रोजचा व्यवहार नुकताच सुरू झाला आहे, अशा वाचकांसाठी हा शब्द येथे पायरीपायरीने उलगडला आहे.

पायरी १ : लिहायचा कसा, हे आधी ठरवा

या शब्दाची दोन रूपे प्रचलित आहेत. एक दोन मोठ्या अक्षरांचे, म्हणजे केवळ ओ आणि के. दुसरे चार अक्षरांचे, म्हणजे ओ, के, ए, वाय. दोन्ही शुद्ध आहेत. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची लेखनसंहिता दोन अक्षरांच्या रूपाचा आग्रह धरते, तर कथा-कादंबऱ्यांतील संवादांत चार अक्षरांचे रूप पुष्कळदा दिसते. क्रियापद म्हणून वापरायचे झाल्यास चार अक्षरांचे रूप सोयीचे पडते, कारण त्याला भूतकाळाचा प्रत्यय नेहमीसारखा जोडता येतो. दोन अक्षरांच्या रूपाला तोच प्रत्यय लावताना मध्ये लोपचिन्ह (ॲपॉस्ट्रॉफी) घालावे लागते आणि शब्द ओबडधोबड दिसतो. अक्षरांमध्ये टिंबे देण्याची पद्धत जुनी झाली आहे, आणि दोन्ही अक्षरे लहान लिहिणे हे मोबाइलवरच्या निरोपापुरतेच ठेवावे. कोणतेही एक रूप निवडा आणि एका मजकुरात ते शेवटपर्यंत पाळा; याहून जास्त काथ्याकूट करण्याचे कारण नाही.

पायरी २ : शब्द कुठून आला, हे थोडक्यात जाणून घ्या

हा इतिहास गमतीचा आहेच, शिवाय शब्दाचा स्वभाव समजायलाही तो उपयोगी पडतो. १८३०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या वृत्तपत्रांत एक खेळ चालू होता. एखाद्या वाक्प्रयोगाचे स्पेलिंग मुद्दाम अडाण्यासारखे करायचे आणि मग त्या चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरे छापायची. ‘ऑल करेक्ट’, म्हणजे ‘सर्व बरोबर’, याची खरी आद्याक्षरे ए आणि सी. पण ‘ऑल’ ओने आणि ‘करेक्ट’ केने सुरू होतो असे मानून ओ.के. ही जोडी तयार झाली. २३ मार्च १८३९ रोजी ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये ती छापून आली. त्याच खेळातले इतर बहुतेक प्रयोग विस्मरणात गेले. हा टिकला, याचे एक मोठे कारण म्हणजे १८४०ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक. उमेदवार मार्टिन व्हॅन ब्युरेन हे न्यूयॉर्क राज्यातील किंडरहूक गावचे, त्यामुळे समर्थकांनी त्यांना ‘ओल्ड किंडरहूक’ हे नाव दिले आणि त्याची आद्याक्षरे योगायोगाने तीच निघाली. व्हॅन ब्युरेन हरले, अक्षरे मात्र देशभर झाली. पुढे तारयंत्रावर काम करणाऱ्यांना ‘निरोप पोहोचला’ एवढे कळवण्यासाठी ही दोन अक्षरे फार सोयीची वाटली.

या शब्दाच्या उगमाविषयी इतर कथा पुष्कळ सांगितल्या जातात. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन तो चॉक्टॉ या मूलनिवासी भाषेतला मानत आणि त्याप्रमाणे त्याचे स्पेलिंगही वेगळे करत. परंतु ॲलन वॉकर रीड या अभ्यासकाने १९६३ आणि १९६४ साली ‘अमेरिकन स्पीच’ या नियतकालिकात लिहिलेल्या लेखांत जुनी वृत्तपत्रे चाळून जो माग काढला, तोच आज सर्वसाधारणपणे स्वीकारला जातो.

यातून घेण्यासारखी गोष्ट एवढीच की ‘ओके’ हा तपासणीच्या शेऱ्यासारखा शब्द आहे. कागदावर ‘पाहिले, अडचण नाही’ असे लिहून द्यावे तसा. काम उत्तम झाले की जेमतेम, याबद्दल तो शेरा काहीच सांगत नाही, आणि पुढच्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात.

पायरी ३ : ‘बरं’शी ताडून पाहा

मराठी बोलणाऱ्याजवळ एक चांगली मोजपट्टी आहे, ती म्हणजे आपला ‘बरं’. ‘बरं, मग निघू या’, ‘बरं?’, ‘बरं बरं, कळलं’, ‘आता बरं वाटतंय’, ‘जेवण बरं होतं’ या पाचही ठिकाणी इंग्रजीत ‘ओके’ चालतो. त्यातल्या शेवटच्या वाक्याकडे नीट पाहावे. ज्यांनी जेवायला बोलावले त्यांनी ‘कसं झालं होतं?’ असे विचारल्यावर ‘बरं होतं’ असे उत्तर कोणी मराठी माणूस देणार नाही. दिलेच तर पुन्हा आमंत्रण येईल अशी आशा धरणार नाही. नेमके हेच ‘इट वॉज ओके’ या वाक्याचे वजन आहे. पण मराठीत ‘बरं’ म्हणताना जीभ आपोआप थांबते, इंग्रजीत ती थांबत नाही, कारण आपल्या बोलण्यात ‘एकदम ओके’ म्हणजे ‘फक्कड’ असा अर्थ रूढ झाला आहे. तो अर्थ इंग्रजीत जात नाही. ‘ॲब्सोल्यूटली ओके’ म्हटल्यास इंग्रजी ऐकणाऱ्याला ‘मुळीच हरकत नाही’ असे कळते. ‘फारच सुंदर’ असे कळत नाही. कौतुक करायचे असेल तर ‘गुड’, ‘लव्हली’, ‘एक्सलंट’ यांपैकी काहीतरी म्हणावे. ‘ओके’च्या घरातला उत्साही भाऊ शोधायचाच असेल तर ‘ए-ओके’ आहे. १९६१ साली अमेरिकेच्या पहिल्या मानवी अंतराळ उड्डाणाच्या वेळी नासाच्या प्रवक्त्यामुळे तो लोकांच्या तोंडी बसला आणि ‘सारे काही उत्तम चालले आहे’ असा त्याचा अर्थ आहे. आता मात्र तो थोडा जुन्या वळणाचा वाटतो.

वाक्यातली जागा बदलली की वजनही बदलते, हे येथेच लक्षात घ्यावे. ‘द फिल्म इज ओके’ आणि ‘इट्स ॲन ओके फिल्म’ ही दोन्ही वाक्ये चित्रपट बेताचा असल्याचे सांगतात, पण नामाच्या आधी आलेला ‘ओके’ अधिक निरुत्साही वाटतो. उलट, काही बिघडले असेल अशी शंका आधीपासून असली तर तोच शब्द दिलासा देतो. अपघातानंतर ‘द चाइल्ड इज ओके’ हे वाक्य ऐकणाऱ्याला त्याहून गोड बातमी नको असते. क्रियाविशेषण म्हणूनही तो असाच वागतो: ‘द मशीन इज रनिंग ओके’ म्हणजे यंत्र तक्रार न करता चालले आहे. नाम म्हणून ‘टू गिव्ह द ओके’ आणि क्रियापद म्हणून ‘टू ओके द प्लॅन’ या दोन्हींचा अर्थ मंजुरी देणे असा होतो. या दोन वापरांत नवशिक्यांची फारशी चूक होत नाही.

पायरी ४ : उत्तर देण्याआधी प्रश्न कोणत्या जातीचा आहे ते पाहा

माझ्या मते ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. ‘ओके’ हे ‘होय’चे सरसकट पर्यायी रूप नाही. विनंती, सूचना, प्रस्ताव किंवा आज्ञा यांना ‘ओके’ म्हणता येते, कारण तेथे आपली संमती मागितलेली असते. ‘कॅन यू क्लोज द डोअर?’ याला ‘ओके’ हे चोख उत्तर आहे. ‘डू यू स्पीक फ्रेंच?’ किंवा ‘हॅव यू फिनिश्ड?’ या प्रश्नांत मात्र संमती नव्हे, माहिती विचारली आहे. तेथे ‘ओके’ म्हणणे म्हणजे ‘तुम्हाला फ्रेंच येते का?’ या प्रश्नाला ‘चालेल’ असे उत्तर देण्यासारखे आहे. आपण ‘ओके’ म्हणतो आहोत तेथे मराठीत ‘चालेल’ किंवा ‘बरं’ बसते का, हे मनात पटकन म्हणून पाहावे. बसत नसेल तर ‘येस’ किंवा ‘नो’ म्हणावे.

कोणी माहिती सांगितली, तर ‘ओके’चा अर्थ फक्त ‘ऐकले’ असा होतो. ‘द मीटिंग इज ॲट थ्री’ याला ‘ओके’ पुरेसे आहे. पण तीच गोष्ट मतभेदाच्या वेळी घोटाळा करते. समोरचा दहा मिनिटे आपली बाजू मांडत असताना तुम्ही अधूनमधून ‘ओके, ओके’ म्हणत राहिलात, तर तुमच्या दृष्टीने तो हुंकार असतो. त्याला मात्र आपण एकेक मुद्दा जिंकत चाललो आहोत असे वाटू शकते. पटलेले नसेल तर ‘आय सी’ किंवा ‘आय अंडरस्टँड’ म्हणावे. या शब्दांनी समजल्याची पावती मिळते, संमती जात नाही.

आनंदाच्या किंवा दुःखाच्या बातमीला ‘ओके’ कधीही म्हणू नये. ‘आय गॉट द जॉब!’ असे सांगणाऱ्याला ‘ओके’ म्हणणे म्हणजे त्याने दारात पाऊल ठेवताच दार लोटून घेणे. क्षमायाचनेला मात्र ‘इट्स ओके’ किंवा ‘दॅट्स ओके’ हे अगदी योग्य उत्तर आहे. आभारांना तेच उत्तर दिल्यास कानाला किंचित खटकते, कारण ‘थोडा त्रास झाला, पण असू दे’ अशी छटा त्यात शिरते. तेथे ‘यू आर वेलकम’ बरे.

पायरी ५ : ‘आय ॲम ओके’चे तीन अर्थ वेगळे ओळखा

‘बरं’ची मोजपट्टी येथे तोकडी पडते. ‘आय ॲम ओके’ या वाक्याचा पहिला अर्थ सरळ आहे: मला काही झालेले नाही, मी ठीक आहे. दुसरा अर्थ पुष्कळ जणांना चकवतो. ‘आणखी पाणी हवे का?’ असे कोणी विचारले आणि तुम्ही ‘आय ॲम ओके’ म्हणालात, तर तुम्ही नम्रपणे नको म्हणाला आहात. पाणी हवे असताना ‘मला चालेल’ या समजुतीने हे वाक्य बोलणारा माणूस तहानलेला राहतो, आणि विचारणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. हवे असल्यास ‘येस, प्लीज’ म्हणावे. याच्या उलट बाजूलाही सावध राहावे: तुम्ही काही देऊ केले आणि समोरच्याने ‘आय ॲम ओके’ म्हटले, तर त्याने नकार दिला आहे, आग्रह करू नये.

तिसरा अर्थ ‘विथ’ या शब्दाच्या सोबतीने येतो. ‘आय ॲम ओके विथ दॅट’ म्हणजे माझी हरकत नाही. यात उत्साह नाही, हे ध्यानात ठेवावे. एखाद्या योजनेवर सहकाऱ्याने एवढेच म्हटले तर तो विरोध करणार नाही हे नक्की. तो मनापासून झटेल, असे मात्र गृहीत धरू नये.

‘आर यू ओके?’ हा प्रश्नही जागा पाहून ऐकावा. साधारणपणे तो काळजीने विचारला जातो, म्हणून कारण नसताना कोणाला विचारल्यास ‘माझ्या चेहऱ्यावर काही दिसते आहे का?’ अशी शंका त्या माणसाला येते. ब्रिटनमध्ये मात्र ‘यू ओके?’ किंवा ‘ऑल राइट?’ हे जाता-जाता केलेले अभिवादन असू शकते आणि त्याचे उत्तर दोन शब्दांत आटोपायचे असते. तेथे प्रकृतीची हकिगत सांगायला सुरुवात केल्यास विचारणारा संकोचतो.

पायरी ६ : सूर ऐकायला शिका

उच्चारात दोन गोष्टी सांभाळाव्यात. इंग्रजीत दुसऱ्या भागावर, म्हणजे ‘के’वर, जोर थोडा अधिक पडतो, आणि ‘ओ’ व ‘के’ या दोहोंचे स्वर आपल्यासारखे एकाच जागी न थांबता पुढे सरकतात, साधारण ‘ओउ-केइ’ असे. आपला आखूड, ठाशीव ‘ओक्के’ मराठीत खुमासदार वाटतो. इंग्रजी कानाला तो तोडून टाकल्यासारखा ऐकू येतो.

खरे अर्थ सुरात असतात. उतरता, शांत ‘ओके’ म्हणजे मान्य. चढता ‘ओके?’ म्हणजे ‘समजले ना?’ किंवा ‘चालेल ना?’, वरिष्ठाने प्रत्येक वाक्यानंतर तो लावला तर ऐकणाऱ्याला आपण लहान मूल असल्यासारखे वाटते. लांबवलेला, मध्येच वर जाऊन लोंबकळणारा ‘ओकेऽऽ’ हा बहुतेक वेळा ‘हे काहीतरी विचित्र ऐकतो आहे’ असे सांगतो. त्याला संमती समजू नये. झटकन दोनदा म्हटलेला ‘ओके, ओके’ म्हणजे ‘पुरे, कळले’, आणि तोच सावकाश व मऊ आवाजात म्हटला की घाबरलेल्याला धीर देणारा होतो.

याशिवाय हा शब्द संभाषणाच्या सांध्यांवर बसतो. वर्गात शिक्षक ‘ओके’ म्हणून फळ्याकडे वळतात तेव्हा ते कोणाशी सहमत होत नसतात. मागचा विषय संपला आणि पुढचा सुरू झाला, एवढेच ते सांगतात. दूरध्वनीवर याचे महत्त्व अधिक आहे. इमॅन्युएल शेग्लॉफ आणि हार्वी सॅक्स या अभ्यासकांनी १९७३ साली संभाषणे संपतात कशी यावर लिहिताना दाखवले की निरोप घेण्याआधी दोन्ही बाजू ‘ओके’सारखा रिकामा शब्द एकमेकांना देतात आणि ‘माझ्याकडे आणखी काही नाही, तुमच्याकडे?’ असे विचारून घेतात. म्हणून समोरून ‘ओके देन’ ऐकू आले आणि तुम्हाला अजून काही विचारायचे असेल, तर ते त्याच क्षणी विचारावे. तुम्हीही ‘ओके’ म्हणालात की पुढचा शब्द ‘बाय’ असणार.

पायरी ७ : लेखी निरोपात हात आखडता घ्या

लिहिताना सूर हरवतो आणि त्याची जागा विरामचिन्हे घेतात. ‘ओके’नंतर उद्गारचिन्ह असले तर तो मनमोकळा वाटतो, काहीच नसले तर साधा वाटतो, आणि पूर्णविराम असला तर, विशेषतः तरुण वाचकांना, तो रागावल्यासारखा भासतो. केवळ ‘के’ हे एकच अक्षर पाठवणे बहुतेकांना तुसडेपणाचे वाटते, मग पाठवणारा घाईत असो वा नसो. हे नियम कोणी लिहून ठेवलेले नाहीत आणि पिढीप्रमाणे ते बदलतातही, पण अनोळखी माणसाशी बोलताना सावध बाजूला राहिलेले बरे.

कामाच्या पत्रव्यवहारात एकट्या ‘ओके’ची खरी अडचण सौजन्याची नसून संदिग्धतेची आहे. मी स्वतः एकदा ‘मजकूर सोमवारी हवा की बुधवारी?’ अशा अर्थाच्या पत्राला ‘ओके’ असे उत्तर पाठवले होते. माझ्या डोक्यात बुधवार होता, त्यांच्या डोक्यात सोमवार, आणि त्या सोमवारी सकाळी आलेल्या फोनचा मजकूर येथे देण्यासारखा नाही. तेव्हापासून उत्तरात निर्णय लिहितो: ‘ओके, वेन्सडे इट इज’. मंजुरी द्यायची असेल तर कशाला देतो आहोत ते लिहावे, निरोप मिळाल्याचे कळवायचे असेल तर ‘नोटेड, थँक यू’ म्हणावे आणि वेळ जुळत असेल तर ‘दॅट वर्क्स फॉर मी’ म्हणावे. परीक्षेतील निबंध, अर्ज, करार आणि शोधनिबंध यांत ‘ओके’ वापरू नये. तेथे ‘ॲक्सेप्टेबल’, ‘सॅटिस्फॅक्टरी’, ‘अप्रूव्ह्ड’ हे शब्द त्याचेच काम औपचारिक वेशात करतात.

पायरी ८ : पडद्यावरचा आणि बोटांचा ‘ओके’

संगणकाच्या पडद्यावरील ‘ओके’ बटण रोज दाबले जाते, पण त्याचा अर्थ वरच्या वाक्यावर अवलंबून असतो. सूचना असेल तर ‘वाचले’, प्रश्न असेल तर ‘करा’. ‘तुम्हाला रद्द करायचे आहे का?’ या प्रश्नाखाली ‘ओके’ आणि ‘कॅन्सल’ अशी दोन बटणे आली, तर ‘ओके’ दाबल्याने काम रद्द होते आणि ‘कॅन्सल’ दाबल्याने चालू राहते. अशा वेळी वाक्य पुन्हा वाचावे. हे बटण आले कसे, त्याची एक गोष्ट ॲपल कंपनीच्या लिसा या संगणकाची आहे. आधी त्या बटणावर ‘डू इट’, म्हणजे ‘कर’, असे लिहिले होते. चाचणीत काही लोक ते सोडून सारखे ‘कॅन्सल’ दाबत होते. शेवटी एकाने वैतागून विचारले की हा संगणक मला ‘डोल्ट’, म्हणजे ठोंब्या, का म्हणतो आहे? दोन शब्दांतली फट अरुंद होती आणि त्या टंकातला मोठा आय लहान एलसारखा दिसत होता. त्यानंतर ‘ओके’ आला.

अंगठा आणि तर्जनी यांचे वर्तुळ करून उरलेली तीन बोटे ताठ ठेवण्याच्या खुणेलाही ‘ओके’च म्हणतात, पण ती खूण शब्दाइतकी सुरक्षित नाही. ब्राझीलमध्ये ती अश्लील समजली जाते, फ्रान्समध्ये तिचा अर्थ ‘शून्य’ होऊ शकतो आणि जपानमध्ये ती पैशांची खूण आहे. परक्या माणसांत शब्द वापरावा, बोटे वापरू नयेत.

याला ठळक अपवाद पाण्याखाली पोहणाऱ्या पाणबुड्यांचा. तेथे शब्द निरुपयोगी असतात आणि ही खूण सर्वांना शिकावीच लागते, कारण उभा अंगठा दाखवला तर त्याचा अर्थ ‘छान’ असा न होता ‘वर चला’ असा होतो आणि जोडीदार खरोखरच वर निघतो. वर्तुळाच्या खुणेने ‘ठीक आहेस ना?’ असे विचारायचे आणि त्याच खुणेने ‘ठीक आहे’ असे उत्तर द्यायचे. उत्तर दिलेच पाहिजे. काही बिनसले असेल तर मात्र वर्तुळ न करता पंजा आडवा धरून दोन्ही बाजूंना डुलवायचा आणि मग जेथे अडचण आहे तेथे बोट दाखवायचे.